बीपी आहे म्हणून मीठ कमी केलंत, आता साखरेचा डबा पण उघडून बघा

घरात कोणाचं बीपी निघालं की पहिलं काय होतं, लोणच्याची बरणी वरच्या फळीवर जाते, सुकी मासळी बंद, पापड बंद आणि आमटीत मीठ निम्मं. बरोबरच आहे ते, मीठ हाच पहिला मुद्दा आहे आणि तो सोडायचा नाही. पण त्याच घरात चहाच्या पातेल्यात साखर मात्र पहिल्यासारखीच पडत असते, कारण आपल्या डोक्यात पक्कं बसलंय की साखर म्हणजे डायबेटीसवाल्यांचं काम, बीपीवाल्यांचा तिच्याशी काय संबंध. आमच्याकडे गोव्यात फोंड्याला हेच चाललं होतं. सासूबाईंना पंधरा वर्षं बीपी, नवऱ्याला चार वर्षं, आणि गेल्या मे महिन्यात माझं 146/92 आलं तेव्हा मी जरा हादरले, कारण मीठ तर आमच्याकडे कधीचं कमी होतं.

मी डॉक्टर नाही. घर चालवते, आणि घरात साखर येते कुठून, जाते कुठे हे मला कळतं. डॉक्टरांनी मला गोळी लगेच सुरू न करता तीन महिने दिले, खाणं-चालणं सुधारून बघा म्हणाले, तेव्हा जे जे केलं ते पायरीपायरीने लिहितेय. ज्यांना गोळ्या चालू आहेत त्यांनी त्या चालूच ठेवायच्या. साखर कमी करणं हे गोळीच्या जोडीला आहे, गोळीच्या जागी नाही.

साखरेचा आणि बीपीचा संबंध काय

आपली साखर म्हणजे सुक्रोज, ती पोटात गेली की तिचे दोन भाग होतात, अर्धं ग्लुकोज आणि अर्धं फ्रुक्टोज. ग्लुकोजमुळे इन्सुलिन वाढतं आणि हे इन्सुलिन किडनीला सांगतं की मीठ बाहेर टाकू नको, धरून ठेव. आपल्याकडे खाजनाच्या (खाडीकाठच्या शेतीच्या) बांधाला मानस म्हणजे पाण्याचं दार असते बघा, ओहोटीला तिचं दार उघडून आतलं पाणी बाहेर जातं. समजा ते दार ओहोटीला पुरतं उघडलंच नाही, तर आत पाणी साठणार आणि बांधावर जोर येणार. दिवसभर थोडं थोडं गोड जात राहिलं, त्यात पोटाचा घेर वाढलेला असला तर इन्सुलिन सतत चढं राहतं, आणि मग किडनीचं तसंच होतं, मीठ आणि त्याच्यामागून पाणी अंगातच राहतं, रक्तवाहिन्यांवर जोर वाढतो. म्हणजे आमटीतलं मीठ कमी करून एका दाराने सोडवलेलं आपण चहाच्या दाराने परत अडवून ठेवतो.

फ्रुक्टोजचं काम वेगळंच. ते मुख्यतः लिव्हरमध्ये जातं आणि तिथे जास्त झालं की युरिक ॲसिड वाढतं, चरबी बनते. रक्तवाहिन्या सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड नावाचा पदार्थ आपल्या शरीरात बनत असतो, युरिक ॲसिड वाढलं की तो कमी पडतो आणि नळ्या आखडतात. शिवाय वजन वाढतं ते वेगळं, आणि वजन वाढलं की बीपी वाढतं हे तर सगळ्यांना माहीत आहे.

किती फरक पडतो ते पण सांगते, नाहीतर नुसतं घाबरवल्यासारखं होईल. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये बऱ्याच चाचण्या एकत्र करून बघितल्या. आठ आठवड्यांपेक्षा जास्त चाललेल्या चाचण्यांमध्ये जास्त साखर खाणाऱ्यांचा वरचा आकडा कमी साखरवाल्यांपेक्षा सरासरी 7 च्या आसपास जास्त होता आणि खालचा 5 ते 6 ने. अमेरिकेत 810 मोठ्या माणसांवर 18 महिने लक्ष ठेवलं होतं, त्याचा निकाल 2010 मध्ये आला, त्यात रोजचं एक गोड पेय कमी केलेल्यांचा वरचा आकडा 1.8 ने आणि खालचा 1.1 ने उतरलेला दिसला. म्हणजे जादू नाही. पण एका ग्लासाचा एवढा, तर आपण दिवसाला किती ग्लास आणि किती कप घेतो ते मोजा.

पहिलं काम: बीपी नीट मोजून घ्या

सुरुवातीचा आकडाच चुकीचा असला तर पुढे काही कळणार नाही. दंडाला लावायचं ऑटोमॅटिक मशीन घ्या, मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या मापाचा हवा, जाड दंडाला लहान पट्टा लावला तर आकडा उगाच जास्त येतो. मोजायच्या आधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, व्यायाम नाही. लघवीला जाऊन यायचं, पाठ टेकून खुर्चीवर बसायचं, पाय जमिनीला, एकावर एक नको, हात टेबलावर हृदयाच्या उंचीला, आणि पाच मिनिटं गप्प बसायचं. गप्प म्हणजे खरंच गप्प, सासूबाई मोजता मोजता मला मासळीचा भाव विचारायच्या आणि तेवढ्यातच आकडा चढायचा. एक मिनिट सोडून दोनदा मोजायचं, सकाळी (नाश्ता आणि गोळीच्या आधी) आणि संध्याकाळी, असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या आणि बाकीच्यांची सरासरी काढा. घरी मोजलेलं सरासरी 135/85 किंवा वर येत असेल तर ते जास्त धरतात, दवाखान्यात 140/90. ही सरासरी कॅलेंडरवर लिहून ठेवा.

180/120 च्या वर आकडा आला आणि सोबत छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, बोलताना अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं यातलं काही असेल तर साखरेबिखरेचा विचार करत बसायचं नाही, 108 लावायचा. आकडा एवढा आहे पण त्रास काही नाही, तरी शांत बसून परत मोजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

दुसरं काम: वाण्याचं बिल काढा

मला विचाराल तर सगळ्यात उपयोगी पायरी हीच आहे. कोण किती खातं हे माणसांना विचारून कधीच कळत नाही, कोणी खोटं बोलतं असं नाही, लक्षातच राहत नाही. पण पिशवी सांगते. महिन्याला घरात साखर किती किलो येते आणि गूळ किती, दोन्हीची बेरीज करा, ग्रॅम करा, माणसांनी भागा, परत 30 ने भागा. आमच्याकडे पाच माणसं, 5 किलो साखर आणि 1 किलो गूळ. 6000 भागिले 5 भागिले 30, म्हणजे माणशी रोज 40 ग्रॅम. आणि यात बिस्किटं, थंड पेयं, बेकरीतलं, बाहेरचा चहा काहीच धरलेलं नाही.

आता हे कशाशी जुळवायचं? जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितलं की वरून घातलेली साखर, मध, सिरप आणि फळांच्या रसातली साखर मिळून रोजच्या उष्मांकाच्या 10 टक्क्यांच्या आत हवी, आणि 5 टक्क्यांच्या आत आली तर अजून चांगलं. रोज 2000 कॅलरी खाणाऱ्या माणसाला 10 टक्के म्हणजे 50 ग्रॅम आणि 5 टक्के म्हणजे 25 ग्रॅम. सपाट चहाचा चमचा 4 ग्रॅमचा धरतात, म्हणजे 25 ग्रॅम म्हणजे सहा सपाट चमचे. पण आपल्या घरात सपाट चमचा कोण घालतं? मी किचनमधल्या वजनकाट्यावर आमचा रोजचा चमचा शिगोशीग भरून ठेवला तर 8 ग्रॅम भरला. दिवसाला चार कप, कपाला एक असा चमचा, झाले 32 ग्रॅम, अजून काही खाल्लेलंच नाही.

25 ग्रॅमच्या हिशेबाने चार माणसांना महिन्याला 3 किलो पुरते, साखर आणि गूळ दोन्ही धरून. पाच माणसांना पावणेचार किलो. बाहेरचं पण खाणार असाल तर त्याहून कमी आणा. मी काय केलं, एकदम निम्मं नाही केलं, दर महिन्याला अर्धा-पाऊण किलो कमी आणत गेले आणि डबा महिना संपायच्या आधी संपला तरी नवीन आणायची नाही एवढा एकच नियम ठेवला. पहिल्या महिन्यात शेवटचे चार दिवस जड गेले, नवरा दोन दिवस नीट बोलला नाही, मग सवय झाली.

तिसरं काम: पातेल्यातून साखर बाहेर काढा

आपल्याकडे चहा करतात तो पाणी, पावडर, साखर, दूध सगळं एकत्र उकळून. त्यामुळे ज्याला कमी हवी त्यालाही तेवढीच मिळते. पातेल्यात साखर घालायचीच नाही, डबा टेबलावर आणि लहान चमचा त्यात, ज्याची त्याने घालायची, एवढं केलंत तरी आठवड्यात फरक दिसतो. मग दर आठवड्याला पाव चमचा कमी. जीभ हळूहळू जुळवून घेते, दीड-दोन महिन्यांनी जुन्या चवीचा चहा कोणाकडे घेतला तर तो पाकासारखा लागतो. आलं, वेलची, गवती चहाची पात घातली की चहा फिका वाटत नाही. हॉटेलात नुसतं "साखर कमी" म्हटलं तर कमी म्हणजे किती ते त्या पोराच्या मनावर असतं, त्यापेक्षा बिनसाखरेचा मागा आणि वरून स्वतः घाला.

कृत्रिम गोडीच्या गोळ्यांबद्दल मला बऱ्याच जणी विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये सांगितलं की वजन ताब्यात ठेवायला म्हणून त्या वापरू नका, ज्यांना आधीच डायबेटीस आहे त्यांना हा सल्ला लागू नाही. मला तरी वाटतं गोडाची ओढच कमी झाली पाहिजे, गोळीने ती तशीच राहते.

प्यायचं गोड, इथे सगळ्यात जास्त जपा

खाल्लेल्या गोडापेक्षा प्यायलेलं गोड जास्त घात करतं, कारण पोट भरत नाही आणि दोन मिनिटांत सगळं आत. 300 मिलीच्या कोल्ड ड्रिंकच्या बाटलीत साधारण 30 ग्रॅम साखर असते, म्हणजे एका बाटलीत दिवसाचा कोटा संपला.

आपल्याकडे मार्च ते मे उर्राकचा, म्हणजे काजूच्या हलक्या दारूचा सीझन. ग्लासात उर्राक, वर लिम्का, लिंबाची फोड आणि मधोमध चिरलेली मिरची, हे घराघरात चालतं आणि त्यावर मी काही उपदेश करणार नाही. पण बीपीवाल्याने एवढं समजून घ्यावं की दारू स्वतःच बीपी वाढवते आणि वर त्या पेयातली साखर, दोन्ही एकाच ग्लासात, आणि सोबत चकणा खारट. आमच्या ह्यांनी लिम्काच्या जागी साधा सोडा आणि लिंबू सुरू केलं, आणि शनिवारी एकच ग्लास. पूर्ण सोडली तर उत्तमच.

कोकमाचं जरा सविस्तर सांगते कारण इथे सगळे फसतात. कोकम चांगलं, थंड, म्हणून बाटलीतलं कोकम सरबत उन्हाळ्यात दिवसाला तीन-तीन ग्लास जातं. ते सिरप साखरेतच बनवलेलं असतं. मग कोणीतरी सांगतं की आगळ (कोकमाचा घट्ट रस) वापरा, त्यात साखर नाही. साखर नाही, पण मीठ भरपूर असतं, म्हणजे बीपीवाल्यासाठी आगीतून फुफाट्यात. तेव्हा सुकी सोलं पाण्यात भिजत घाला (तीपण मीठ लावून सुकवलेली असतात, आधी एकदा धुवून घ्या), थोडं जिरं, हवी तर अर्धा चमचा साखर. सोलकढी याच पाण्याची करा आणि मीठ जिभेवर ठेवून बघूनच घाला.

शहाळ्याचं पाणी सरबतापेक्षा केव्हाही बरं, पोटॅशियम असतं, गोडी कमी. पण किडनीचा त्रास असेल किंवा बीपीची गोळी पोटॅशियम वाढवणारी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज नको. फळं अख्खी खा, रस काढू नका. मानकुराद आंबा चावून खाल्ला तर चोथा पण पोटात जातो आणि एकावर थांबता येतं, रसाच्या वाटीत तीन आंबे कधी गेले कळत पण नाही.

गूळ चालतो का?

नाही, म्हणजे साखरेइतकाच चालतो. म्हापशाच्या बाजारात माडाच्या गुळाच्या त्या काळ्या ढेपा बघितल्या की आपल्याला वाटतं हे औषधच. चव अप्रतिम, थोडंफार लोह आणि पोटॅशियम पण असतं, पण मुख्य भाग सुक्रोजच. मधाचंही तेच, त्यातही ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच. चहात साखरेच्या जागी गूळ घालून बीपीचं काम झालं असं समजू नका. गूळ मणगण्यासाठी (चण्याच्या डाळीच्या खिरीसाठी) ठेवा, तिथे त्याला पर्याय नाही.

पाकिटं

पाकीट उलटं करा. मागे 100 ग्रॅमला एकूण साखर किती आणि वरून घातलेली साखर किती असे आकडे असतात. क्रीमच्या बिस्किटात 30 ग्रॅमच्या वर सहज सापडते. घटकांच्या यादीत साखरच वेगवेगळ्या नावांनी बसलेली असते: ग्लुकोज सिरप, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, मध, फळांचा कॉन्सन्ट्रेट. यातली तीन-चार नावं एकाच यादीत दिसली तर ठेवून द्या. टोमॅटो केचप हा दुहेरी प्रकार, साखर पण आणि मीठ पण. मुलांच्या दुधातली चॉकलेटी पावडर, फ्लेवरवालं दही, नाश्त्याचे सिरीयल, सगळ्यांचं पाकीट एकदा वाचून घ्या. पोदेराकडच्या (पाववाल्याकडच्या) पोईत, म्हणजे कोंड्याच्या पावात, साखर फारशी नसते, तिथे मिठाकडे बघा.

चवथ, जत्रा आणि नाताळ

हे मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण लोक इथूनच सुरुवात करतात आणि इथेच हरतात. गणपतीच्या चवथीला नेवऱ्या (करंज्या) खायच्या नाहीत, पातोळ्या खायच्या नाहीत असं ठरवून बघितलं तर दोन दिवसांत सगळंच सुटतं. हिशेब करा ना, वर्षातले सणाचे दिवस पंधरा-वीस आणि चहाचे 365. रोजचे चार कप आणि आठवड्याच्या दोन बाटल्या सुधारल्या तर हळदीच्या पानातली एक पातोळी तुमचं बीपी बिघडवणार नाही. सासूबाईंना मी चवथीची पहिली नेवरी माझ्या हाताने देते, त्यांच्या आनंदावर काट मारायचा माझा विचार नाही.

फक्त माटोळी (गणपतीच्या वर बांधलेली फळाफुलांची आरास) बघायला आठ घरं फिरायची आणि प्रत्येक घरी ताट, तिथे जपायचं. एका घरी एकच गोड, आणि दुसऱ्या घरी चहा बिनसाखरेचा. "वयनी, एवढंच घ्या" म्हणून आग्रह झाला तर मी सरळ सांगते, मला बीपी आहे, एक घेते आणि चव घेऊन खाते, कोणी रागावत नाही. खाजें, दोदोल, बेबिंका, पेराद हे घरी पाकिटाने आणून ठेवायचं नाही. जत्रेतलं खाजें जत्रेत खाऊन यायचं. घरात डब्यात असलं की येता-जाता हात जातो, तो जाणारच.

गोळ्या घेणाऱ्यांनी हे वाचल्याशिवाय सुरू करू नका

डायबेटीस पण असेल आणि इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल, तर साखर अचानक कमी केल्यावर रक्तातली साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम, थरथर, चक्कर, गोंधळल्यासारखं होणं अशी लक्षणं दिसली तर लगेच तीन सपाट चमचे साखर पाण्यातून घ्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. तिथे साखर औषध आहे, तिथे काटकसर नको. म्हणून बदल करायच्या आधी डॉक्टरांना सांगा, डोस बदलावा लागू शकतो. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांना वजन उतरल्यावर उठताना अंधारी येऊ लागली तर तेही सांगा, पण गोळी मनाने अर्धी करू नका.

आठ आठवड्यांनी परत सात दिवस मोजा

मधे मधे रोज मोजून जीव खाऊ नका, आकडा वर-खाली होणारच, पावसात भिजून आलात, झोप नीट झाली नाही, कोणाशी वाद झाला तरी बदलतो. आठ आठवडे झाले की पहिल्यासारखंच सात दिवस, तीच खुर्ची, तीच वेळ. माझी घरची सरासरी सुरुवातीला 143/90 होती, नऊ आठवड्यांनी 133/84 आली. वजन अडीच किलो उतरलं होतं आणि संध्याकाळी अर्धा तास चालत पण होते, त्यामुळे सगळं श्रेय साखरेला देता येणार नाही, डॉक्टरही तेच म्हणाले. नवऱ्याचं गोळीवर होतं ते थोडं उतरलं. सासूबाईंचं फारसं हललं नाही, त्यांची गोळी आहे तशी चालू आहे.

डॉक्टरांकडे जाताना तीन गोष्टी न्या: सुरुवातीचा आणि आताचा सात दिवसांचा तक्ता, वजनाचे दोन आकडे, आणि वाण्याची दोन बिलं. मी बिलं काढली तेव्हा डॉक्टरांनी चष्मा लावून ती दोन्ही वाचली, 6 किलोवरून साडेतीन, आणि मग विचारलं की आता घरात तेल किती येतं. त्या बिलावर आता काम चालू आहे.